शेवग्याचं मूळ

"सर, कडंला कायतरी मऊ लागलं बगा," गोरोबा मिस्त्री खड्ड्याशी ओणवा होत म्हणाला.

मी अंगणात वही घेऊन उभा होतो. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला आणि खड्ड्यात डोकावलो. आत ओली माती, अंधार आणि पहारीचं टोक, एवढंच दिसलं. दुसऱ्या कुणालाही एवढंच दिसलं असतं. पण दुसऱ्याच्या हातात वही नसती.

"दगड असेल," मी म्हणालो.

"दगडाला पहार वाजती, सर. ही वाजली न्हाई, सरकली."

मी वहीचं पान उलटलं. 'नळाची नळी: कंपाउंडच्या भिंतीपासून आत चार फूट. खोली दोन फूट.' माझंच अक्षर, खाली दोनदा रेघ. मी टेप लावला. खड्डा भिंतीपासून सहा फुटांवर होता. चांगला दोन फूट लांब.

"मग मूळ असेल. शेवग्याचं," मी अंगणाच्या कोपऱ्यातल्या झाडाकडे बोट दाखवत म्हणालो.

गोरोबाने झाडाकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे. मग पुन्हा झाडाकडे. मधलं अंतर पंधरा फुटांचं होतं.

"इथवर येतंय?"

"शेवग्याची मुळं लांब जातात," मी म्हणालो. हे मी कुठे वाचलं होतं, की त्याच क्षणी माझं मला सुचलं, हे आज सांगता येणार नाही. सुचलंच असावं. आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांत वावरलेल्या माणसाला आपण बोलतो ते सगळं कुठेतरी वाचलेलंच असणार, असं वाटत राहतं.

"तुम्ही म्हणता तर असंल," गोरोबा म्हणाला, आणि त्याने पहार पुन्हा मारली.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती. दुपारी वाचत बसायला अंगणात पत्र्याचं छप्पर घालायचं, एवढी एकच हौस मी निवृत्तीसाठी राखून ठेवली होती. मागची बाजू घराच्या भिंतीला, पुढे दोन लोखंडी खांब. वेताची खुर्ची आधीच आणून ठेवली होती. छपराच्या आधी खुर्ची आणणारा माणूस कसा असतो, हे वाचकांनी ओळखावं.

आमच्या गावात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. आमच्या रांगेचा वार मंगळवार, सकाळी सहा ते आठ. रांगेत पाच घरं. पाचांना मिळून एकच प्लास्टिकची नळी, ती पाचही अंगणांच्या खालून जाते. आमचं घर पहिलं, म्हणजे पाणी आधी आमच्याकडे येणार आणि मग पुढे. मंगळवारी ज्याचा हौद भरला नाही, त्याचा आठवडा बुडाला.

गोरोबा मिस्त्री पंधराएक वर्षं आमच्या कॉलनीतली सगळी कामं करायचा. फरशी उखडली, गच्ची गळली, की गोरोबाला सांगावा जायचा. छपराचं काम ठरलं तेव्हा तो अंगणात फिरून म्हणाला होता, "सर, मंगळवारपतोर थांबू. पाणी आलं की ऐकून घेतो, मग खड्डं घेऊ."

"ऐकून म्हणजे?"

"पहार जमिनीत रोवायची, वरच्या टोकाला कान लावायचा. खालून पाणी जात असलं की कळतंय. नळी कुठं हाय ते बराबर घावतंय."

मी हसलो. मोठ्याने नाही, मला मोठ्याने हसता येत नाही. पण हसलो, आणि आत जाऊन वही आणली. घर बांधताना मी ही वही केली होती. कुठल्या भिंतीतून वायर गेली, संडासाची टाकी कुठे आहे, माळ्यावरच्या फळीला किती खिळे आहेत, सगळं तारीखवार. बायको, म्हणजे नलिनी, या वहीला 'घराची पत्रिका' म्हणायची. बावीस वर्षांत ती वही कुणी उघडली नव्हती. मलाच तिची आठवण करून द्यावी लागे.

"ऐकायची गरज नाही, मिस्त्री. इथे लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

गोरोबाला वाचता येत होतं, पण त्याने वही हातात घेतली नाही. हात मातीचे आहेत म्हणून असेल. तो नुसता मान वाकवून त्या पानाकडे पाहत राहिला, देवळात शिलालेखाकडे बघतात तसा.

तर पहिला खड्डा झाला गुरुवारी. त्यात खांब उभा केला, भोवती सिमेंटचा माल ओतला. शुक्रवारी दुसरा खड्डा, पहिल्यापासून आठ फुटांवर. मी आत चहा घेत होतो.

"सर," बाहेरून हाक आली.

मी कप ठेवून गेलो.

"ह्यातबी लागलं. तसंच, मऊ."

"मूळच ते," मी म्हणालो.

"दोन फुटावरच लागलं. कालच्यावाणी."

"शेवगा जुना आहे, मिस्त्री. दांडगा आहे."

गोरोबाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

तेव्हा मला त्या 'बरं'मध्ये काही ऐकू आलं नाही. मी वहीत नोंद केली: 'शेवग्याची मुळं दक्षिणेकडे तेवीस फुटांपर्यंत आढळली.' ही नोंद अजून आहे. मी ती खोडलेली नाही. माणसाने आपल्याजवळ काहीतरी औषध ठेवावं.

शनिवारी पत्रे चढले. रविवारी आणि सोमवारी मी छपराखाली वेताच्या खुर्चीत बसून वाचलं. आयुष्यातले ते दोन दिवस फार चांगले गेले.

मंगळवारी सहाला नलिनीने हौदाचा नळ उघडला. नळाने हवा सोडली, एकदा खोकला आणि गप्प झाला. पलीकडच्या घरांतून मोटारींचा नुसता कोरडा घूं-घूं आवाज येऊ लागला. मग नलिनी म्हणाली, "अहो, बाहेर या."

दोन्ही खांबांच्या बुडातून पाणी वर येत होतं. कारंजं नव्हे, तसलं काही नाही. एखादं शहाणं माणूस उठून उभं राहावं तसं शांतपणे, भरपूर, गढूळ पाणी येत होतं. अंगण भरलं, फाटकाखालून वाहत रस्त्यावर गेलं. वेताच्या खुर्चीचे चारही पाय पाण्यात होते. रांगेतल्या चार घरांचा आठवडा माझ्या डोळ्यांदेखत गटारात चालला होता.

शेजारचे बिराजदार साहेब बनियनवर आले. कृषी खात्यातून निवृत्त, कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष, आवाज असा की नुसतं 'काय हो' म्हटलं तरी समोरच्याला गुन्हा आठवावा. त्यांच्यामागून तिसऱ्या घरातल्या होळकुंडेबाई आल्या, रिकामी कळशी कमरेवर तशीच. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या. शाळा साताची, आणि घरात अंघोळीपुरतंही पाणी नव्हतं.

कुणीतरी गोरोबाला बोलावून आणलं. तो सायकल फाटकाला टेकवून आत आला. पाण्यातून चालत खांबापाशी गेला. खाली वाकला नाही, काही चाचपलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री, डोळे कुठं होते तुमचे?" बिराजदारांनी सुरुवात केली. "नळीत खांब? एक नाही, दोन? पंधरा वर्षं काम करताव आणि नळी कळंना तुम्हाला?"

"माझाच अंदाज चुकला, साहेब," गोरोबा म्हणाला.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. 'अहो, त्याने विचारलं होतं,' एवढे चार शब्द होते. पण मला लोकांसमोर बोलताना आधी घसा खाकरावा लागतो, आणि तेवढ्यात बिराजदार माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही मधी पडू नका. तुम्ही साधे. तुम्हाला हे लोक असंच गुंडाळतेत."

आणि मी साधा राहिलो. इतकं सोपं होतं ते. कुणीतरी खुर्ची पुढे करावी आणि आपण बसावं, तसं.

नलिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. आमच्या हौदात मागच्या मंगळवारचं पाणी अर्ध्यावर होतं. तिने घागर भरून आणली आणि होळकुंडेबाईंच्या कळशीत ओतली. मग म्हणाली, "रांगेतल्या सगळ्यांना सांगा, रोज दोन-दोन घागरी नेत जा इथून. पुरवून वापरू."

"तुमच्या हौदाला काय कमी, वैनी? सगळं पाणी तुमच्याच अंगणात," बिराजदार म्हणाले. नलिनीने त्यांचीही बादली भरली.

गोरोबा दुपारपर्यंत एकटा खणत होता. पत्रे उतरवले, खांब काढले, माल फोडला. नळी दोन ठिकाणी चिरली होती आणि आत माल जाऊन बसला होता. तेवढे तुकडे कापून त्याने नवे बसवले. मी त्याच्या आसपास घुटमळत होतो. एकदा पाणी नेऊन दिलं, एकदा विचारलं, "ऊन लागतंय का?" तो "न्हाई" म्हणाला. ऊन लागत होतं.

जाताना बिराजदारांनी त्याला फाटकाशी गाठलं. समाजमंदिराच्या ओट्याचं काम पाडव्यानंतर त्याला द्यायचं ठरलेलं होतं. दोन महिन्यांचं काम होतं ते.

"ओट्याचं विसरा आता. संध्याकाळी बसून आम्ही दुसरा माणूस ठरवतो. आणि कॉलनीत कुणाचं काम घेऊ नका. मी सिमेंटच्या दुकानातही सांगून ठेवतो, माणूस कसा हाय ते."

गोरोबाने सायकलची घंटी उगीच एकदा अंगठ्याने पुसली. "बरं साहेब," म्हणाला आणि गेला.

तेच 'बरं'. या वेळी मला ऐकू आलं.

मी टेप घेऊन उघड्या खड्ड्याशी बसलो. मला अजूनही वाटत होतं की वही चुकूच शकत नाही. भिंतीपासून नळीपर्यंत मोजलं. सहा फूट. पुन्हा मोजलं. दुसऱ्या खड्ड्यात मोजलं. सहा. नळी बावीस वर्षांत दोन फूट घराकडे सरकली होती. जमिनीखाली नळ्या सरकतात का, यावर आपल्याकडे काही पुस्तक आहे का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. लाज वाटते, पण आला.

नलिनी ओल्या खुर्चीवरची गादी उन्हात टाकत होती.

"काय मोजताय?"

"वहीत चार लिहिलंय. इथे सहा भरतात."

"भरणारच."

"का?"

तिने गादी झटकली. "अहो, भिंत नाही का सरकवली आपण? तुम्हीच तर उभे होता."

मी टेप सोडला. तो आपोआप सर्रकन आत गेला.

त्याच्याही नऊ वर्षं आधीची गोष्ट. एका रविवारी बिराजदारांनी रांगेतल्या सगळ्यांना गोळा केलं होतं. "रस्ता तीस फुटांचा, त्याच्यावरून येतंय कोण? दोन-दोन फूट पुढं घेऊ. पाचांनी मिळून घेतलं की कुणी कुणाचं नाव घेत नसतंय." मला ते पटलं नव्हतं. मी 'बघू' म्हणालो. माझ्या तोंडून नाही कधी निघत नाही, बघू निघतं. सोमवारी बाहेरगावचे गवंडी आले आणि जुनी भिंत पाडून दोन फूट पुढे बांधून गेले. मी बघत उभा होतो, म्हणजे दिलेला शब्द पाळला.

आणि वहीत? माळ्यावरच्या फळीचे खिळे लिहिणाऱ्या माणसाने भिंत सरकल्याचं लिहिलं नव्हतं. विसरलो नव्हतो. त्या रात्री वही काढली होती, पेनही उघडलं होतं. लिहायला लाज वाटली, म्हणून वही मिटली. पुढे नऊ वर्षांत मी ती गोष्ट खरोखरच विसरून गेलो. वहीत नाही, म्हणजे झालं नाही.

त्या दिवशी मी जेवलो नाही. जेवण्यासारखं मन नव्हतं म्हणून की भांडी वाचतील म्हणून, कोण जाणे. टेबलाशी बसून मी नोंद लिहिली. तीन वेळा कच्ची आणि चौथ्यांदा पक्की. मला बोलता येत नाही, पण लिहिलेलं वाचता येतं. पस्तीस वर्षं मी शाळेत प्रार्थनेनंतर ग्रंथालयाच्या सूचना वाचल्या होत्या.

संध्याकाळी बिराजदारांच्या व्हरांड्यात रांगेतले सगळे जमले. मी वही छातीशी धरून गेलो. नलिनी मागे होती. ती अशा बैठकांना कधी यायची नाही. मी मधूनच परत फिरेन अशी तिला शंका असावी. शंका रास्त होती.

"मी जरा वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"काय, सर? कविता?" बिराजदार हसले.

मी घसा खाकरला आणि वाचलं.

"नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना, सोमवार. रांगेतल्या पाचही घरांनी कंपाउंडची भिंत दोन फूट रस्त्यात पुढे घेतली. मीही घेतली. ही नोंद त्या वेळी केली नाही, कारण लाज वाटली. त्यामुळे या वहीतलं नळीचं माप जुन्या भिंतीपासूनचं राहिलं. गोरोबा मिस्त्री पाण्याच्या दिवसापर्यंत थांबून नळी शोधणार होते. मी थांबू दिलं नाही. त्यांनी दोन्ही खड्ड्यांत मला विचारलं. मी दोन्ही वेळा शेवग्याचं मूळ म्हणून सांगितलं. नळी त्यांनी फोडली नाही, मी फोडली."

मी मान वर केली नाही. आतून कुकरची शिट्टी झाली.

मग होळकुंडेबाईंनी विचारलं, "दोन्ही खड्ड्यांत मूळ, सर?"

"हो."

"एकाच खोलीवर?"

"हो."

"एका रेषेत?"

"हो बाई."

बाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. सकाळी शाळेला बिनअंघोळीची गेलेली बाई हसतेय, हे बघून मला जरा धीर आला.

बिराजदार मात्र हसले नाहीत. त्यांची नजर वहीवर होती.

"असलं वहीत लिहितेत का, सर?"

"खरं आहे ते."

"खरं हाय म्हणूनच विचारायलोय. कुणाला दाखवली वही?"

"अजून नाही."

"अजून म्हणजे?" ते खुर्चीत सरसावून बसले. मग त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ झाला. "हे बघा, सर. चूक माणसाकडून होती. मिस्त्री बिचारा जुना माणूस हाय. त्याचा तरी काय दोष? ओट्याचं काम त्यालाच देऊ. काय होळकुंडेबाई? आणि तुम्ही ती वही नीट ठेवा. घरात. कपाटात. चहा घेणार?"

मी चहा घेतला. मला वाटलं, माझ्या प्रामाणिकपणाने या माणसाचं मन पालटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असावं. घरी येताना फाटकापाशी नलिनी म्हणाली, "चांगलं धमकावलंत हो त्यांना."

"मी?"

"मग कोण? 'अजून नाही' म्हणालात ना."

मी फाटक लावायचं विसरून तिथेच उभा राहिलो. आयुष्यात एकदा धैर्य दाखवलं, तर ते धमकीच्या खात्यात जमा झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गोरोबाच्या घरी गेलो. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे पंधरा वर्षांत मला माहीत नव्हतं. सगळं सांगितलं, वही पुढे केली. या वेळी त्याने हात धुऊन ती घेतली आणि बोट लावत ती नोंद वाचली. वाचून झाल्यावर वही मिटून परत दिली.

"मिस्त्री, एक विचारू? दोन्हीकडे लागलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"वाटायचं काय त्यात? मुळाला पहार चिकटती, नळीला सरकती. पहिल्याच खड्ड्याला कळलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. दोनदा बोललो."

"म्हणजे, नळी आहे असं स्पष्ट."

"तुमच्या हातात वही व्हती, सर," गोरोबा म्हणाला. मग मान खाली घालून पुढे म्हणाला, "आन् माझीबी चूकच हाय. हाताला कळत असताना म्या माल वतला. म्हणून साहेबाम्होरं बोललो, अंदाज चुकला. खोटं न्हाई बोललो."

यावर कुठे काही वाचलेलं आठवलं नाही.

पुढच्या मंगळवारी तो सहाच्या आधी आला. पाणी सुटलं. चारही घरांच्या मोटारी भरल्या आवाजात चालू झाल्या. गोरोबाने अंगणात पहार रोवली, कान लावला, दोन पावलं सरकला, पुन्हा रोवली.

"या," तो म्हणाला.

"मी?"

"नळीची जागा ठावी झाली. आता ऐकू कसं येतंय ते बगा."

मी गुडघे टेकले. ओल्या मातीत धोतर बुडालं. लोखंड कानाला गार लागलं. आधी माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं, मग त्याच्या खाली दुसरं काहीतरी. दूरच्या खोलीत कुणीतरी न थांबता पानं उलटत असावं, तसं.

"येतंय?"

"येतंय."

"मूळ हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

रस्त्यावरून, भिंतीवरून डोकावत होळकुंडेबाई बघत होत्या. त्यांच्या कमरेवर भरलेली कळशी होती. मी तसाच बसून राहिलो, कान काढावासा वाटेना.

मग मी वही मागवली आणि कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. 'नळाची नळी:' एवढं लिहून थांबलो.

"भिंतीपासून नगा मोजू," गोरोबा पहार उपसत म्हणाला. "पायरीपासून मोजा. घर तेवढं न्हाई सरकवलं कुणी."

पायरीपासून नऊ फूट भरलं. तसं लिहिलं आणि पुढे कंसात 'गोरोबा मिस्त्रींनी ऐकून सांगितलं' असं जोडलं. खांब दीड फूट आत घेतले. छप्पर तेवढं आखूड झालं. भिंत अजून तिथेच, रस्त्यात आहे. मी तिच्याबद्दल पुन्हा कधी काही बोललो नाही, आणि बिराजदार हयात होते तोवर दर दिवाळीला आमच्याकडे स्वतः फराळ घेऊन येत राहिले.

त्या छपराखाली मी रोज दुपारी बसतो. डोकं आणि पुस्तक सावलीत राहतं. पाय मात्र तीननंतर उन्हात येतात. खुर्ची मागे सरकवता येईल, जागा आहे. पण मी सरकवत नाही.